हातभर आणि दोन बोटं

बाबा, तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला एक ओळ कधी लिहिली नाही. तुम्ही होता तेव्हा लिहायचा प्रश्नच नव्हता, बोलायचासुद्धा नव्हता. तुम्ही विचारायचं आणि मी तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, असं आपलं चालायचं. आज लिहायला बसलो, कारण आज किरनापूरजवळच्या एका गावात मंडईची जत्रा भरली आहे, तिथे आपल्या मंडळीचं नाटक आहे, आणि मी घरी आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दुपारी नाटक उभं राहतं आणि त्या दिवसांत मी घरी जेवत नाही, हे बायकोला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक. आज ताट वाढताना तिलाच कळेना, माझ्या पुढ्यात भात किती घालायचा. आता दोन वाजलेत. एव्हाना तोंडाला रंग लागला असता, मिशीचा गोंद वरच्या ओठाला ओढत असता आणि मी कोणावर तरी खेकसत असतो. त्याऐवजी बालाघाटच्या घरात खिडकीशी बसलोय. सून दारातून म्हणून गेली, "पापाजी, चाय ठंडी हो गई." घरात आता सगळा कारभार हिंदीत. मी 'का'च्या जागी 'काहून' म्हणालो की नातू हसतो. हे पत्र मी नाटकातल्या मराठीत लिहितोय, तुम्हीच छडी घेऊन तोंडात बसवलेल्या. घरच्या बोलीत लिहायला लागलो तर चार ओळींत शिव्यांवर येईन, आणि मला आज शिव्या द्यायच्या नाहीत. निदान सुरुवातीला तरी नाही.

आधी काय झालं ते सांगतो. तीन आठवड्यांमागे वारासिवनीकडच्या एका मंडईत, भरल्या मैदानासमोर, मी एका पोरीच्या कानाखाली मारली. नाटकातली नव्हे, खरी. तिच्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक पडलं. डॉक्टर म्हणाला, भरून येईल, किंवा नाहीही येणार. पोरगी सव्वीस-सत्तावीसची, एका खाजगी शाळेत शिकवते आणि चार वर्षांपासून मंडळीत नायिकेचं काम करते. मला गुरुजी म्हणते, कारण स्टेजवर उभं राहायला, पडायला, रडायला तिला मीच शिकवलं. मैदानातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय काम करतो म्हातारा. मंडळीतल्यांना मात्र कळलं, आणि कळलं म्हणूनच त्यांनी घाईघाईनं ठरवून टाकलं की पोट्टी एक पाऊल पुढं आली, चूक तिची. हंगामाची सगळी नाटकं माझ्या नावावर ठरलेली, मग दुसरं काय ठरवणार ते. मी गप्प बसलो. जिला आपली जागा धरता येत नाही तिला पुन्हा कोणी काम देत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे पोरीनं मारही खायचा आणि कामही गमवायचं, आणि मी मिशी काढून घरी यायचं, असा तो न्याय होता.

अंतराची ती रीत तुमचीच. राइस मिलच्या मागे धान वाळवायचं सिमेंटचं आंगण होतं. रविवारी मिल बंद असली की तिथं तालीम. तुम्ही मिलमध्ये मिस्त्री, हाताला कायम ग्रीसचा वास. मी चौदा वर्षांचा. मंडळीत बाई नव्हती, बायकांची कामं पोरंच करायची, म्हणून नाटकातल्या तुमच्या बायकोचं काम माझ्याकडे आलं. आईचं जुनं लुगडं नेसून मी उन्हात उभा आहे. तुम्ही खडूनं माझ्या पायाभोवती गोल काढता, उजवा हात लांब करता, मधल्या बोटाच्या टोकापासून माझ्या गालापर्यंत डाव्या हाताची दोन बोटं आडवी धरता आणि म्हणता, "हातभर आन दोन बोटं. हे अंतर मारनाऱ्यानं सांभाळाचं. तू जाग्यावरून हालाचं नाही. आन आवाज मार खानाऱ्यानं काढाचा." तुमचा हात माझ्या नाकासमोरून वारा घालत जाणार, आणि त्याच क्षणी माझा लोकांना न दिसणारा हात माझ्याच मांडीवर पडणार. लवकर पडला तर लोक हसतात, उशिरा पडला तर जास्त हसतात. चुकला की तुमची छडी, त्याच मांडीवर. "पुन्हा." छडी. "पुन्हा." एका रविवारी मी मोजत होतो आणि तीसच्या पुढं मोजणं सोडून दिलं. सोमवारी शाळेत बाकावर एका कुल्ल्यावर बसलो होतो. आई तेल-हळद गरम करून मांडीला लावायची. शाबासकी तुम्ही तोंडानं कधीच दिली नाही. आवाज नेमका पडला की तुम्ही मान एकदाच खाली हलवायचात, मशीनचा पट्टा नीट बसल्यावर हलवायचात तशी. त्या एका मान हलवण्यासाठी मी तेव्हा काय वाटेल ते केलं असतं.

दुसरी रीत पाण्याची. स्टेजवर ज्यानं कोणाला मारलं असेल त्यानं नाटक संपल्यावर, तोंडाचा रंग पुसायच्या आधी, मार खाणाऱ्याला आपल्या हातानं लोटाभर पाणी द्यायचं. त्यानं घोट घेतला की मग सगळ्यांनी रंग पुसायचा. तोवर राजा असो की शिपाई, कोणी तोंडाला फडकं लावायचं नाही. नव्या पोरांनी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "खोटा मार असला तरी हात वर गेलता ना. मंग तो उतरवा लागते." किती छान बोलायचात तुम्ही. माझ्या तोंडाला तुमच्या हातचं पाणी दोन-तीन वर्षं लागलं, दर हंगामात. तुमचा हात मला स्टेजवर एकदाही लागला नाही, नखसुद्धा नाही. हे मी शपथेवर सांगेन, आणि पुढं एका ठिकाणी सांगावंही लागलं.

आणि नाटक कोणतं, तर दारूचं. दारुडा नवरा बायकोला मारतो, शेवटी तिच्या पायाशी बसून रडतो. त्या रडण्यावर तुमचं नाव झालं. म्हाताऱ्या बाया पदरानं डोळे पुसायच्या, नाटक संपल्यावर आपापल्या नवऱ्यांना ओढत तुमच्या पाया पडायला आणायच्या, आणि तुम्ही त्या माणसांच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचात, "सोड लेका दारू. घरची लक्ष्मी हाय ते." मी लुगडं सावरत शेजारी उभा. तुम्ही दारूच्या थेंबाला कधी शिवला नाहीत, बाबा. पूर्ण शुद्धीत मारायचात. सकाळी आंघोळ करून, कपाळाला टिळा लावून मारायचात. दारूवर ढकलता आलं असतं तर आईला सोपं गेलं असतं, मलाही.

त्या वर्षी आई पहिल्यांदा नाटक बघायला आली होती. शेजारच्या गावची मंडई, बायकांच्या बाजूला पुढून तिसऱ्या ओळीत ती बसलेली, मला स्टेजवरून दिसत होती. तुमचा हात उठला, माझ्या गालासमोरून गेला, माझा मांडीवर पडला, मी कोलमडलो. बायकांतून "अवो माय" असा आवाज आला आणि त्याच्या मागून एक हसणं आलं. एकच, पण चांगलं खळखळून. आई हसली होती. घरी मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं, तरी ओळखलं. तुम्हीही ओळखलंत, कारण पुढचं वाक्य तुम्ही अर्ध्या श्वासानं उशिरा घेतलंत, आणि वाक्य चुकणारा माणूस तुम्ही नव्हता.

दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा-अकराची वेळ. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सुपात तांदूळ निवडतोय. आई चुलीपाशी, भाकरीचा तवा तापलेला. तुम्ही माझ्यावरून ओलांडून आत येता. आवाज एकदम साधा, मीठ मागावं तसा. "काल काहून हासली?" आई भाकरी थापत राहते. "काहून हासली, ते विचारून राह्यलो." आई म्हणते, "तुमचा हात थांबला ना. म्हून हासू आलं." एवढंच म्हणाली. तुम्ही तिला दंडाला धरून उभी केलीत आणि हात घातला, डाव्या कानावर, आणि या खेपेला दोन बोटांचं अंतर कुठं गेलं देव जाणे. ती चुलीवर जायची ती परातीवर पडली. मग पाठीत लाथ. मग चुलीपाशी पडलेली लोखंडी फुंकणी उचललीत आणि पाठीवर, दंडावर, ज्या हातानं ती तोंड झाकत होती त्या हातावर. किती वेळा ते मी मोजलं नाही. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला तेव्हा तुम्ही थांबलात. एवढ्या वेळात आईच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. स्टेजवर मला एका आवाजासाठी महिनाभर सोलून काढलंत, आणि ही बाई एवढा मार खाऊन आवाज काढत नव्हती. मला त्या वेळी तिचाच राग आला होता. का ओरडत नाही ही, असं मनात आलं. चौदा वर्षांचं पोर, पण आलं.

तुम्ही बाहेर विहिरीवर हात धुवायला गेलात. मी उठलो, लोटा भरला आणि आईकडे नेला. मला दुसरं काही सुचलं नाही, रीत तेवढी माहीत होती. आई भिंतीला टेकून बसली होती, कानातून थोडं रक्त येत होतं, ते ती पदराच्या टोकानं टिपत होती. लोट्याकडे बघून म्हणाली, "ठेव तिथं. हे तुह्यं काम नोहे. ज्यानं मारलं त्यानं देल्लं पाह्यजे." तिला रीत माहीत होती. तुमच्याच तोंडून ऐकली असणार. मी लोटा तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. तुम्ही धोतराला हात पुसत आत आलात, लोटा दिसला, वाकून उचललात. क्षणभर, खरंच एक क्षणभर, मला वाटलं की आता तुम्ही तो तिला द्याल. आईनंही मान वर केली होती. तुम्ही तो तोंडाला लावलात, घटाघटा पिऊन टाकलात, रिकामा लोटा खाली ठेवलात आणि मला म्हणालात, "चाल, तालमीले उशीर होऊन राह्यला." आणि मी गेलो. उन्हात उभा राहिलो, लुगडं नेसलो, मांडीवर हात मारला. आईचा डावा कान त्या दिवसापासून गेला. पुढं आयुष्यभर ती माणसांना उजव्या बाजूला बसवायची. लोक म्हणायचे, वयानं झालं असेल.

मिसरूड फुटली तशी बाईची कामं सुटली आणि मी खलनायक झालो. तुम्ही असताना सोळा-सतरा वर्षं, तुमच्यानंतर एकवीस. त्या कामात मला या भागात तोड नव्हती, हे मी तोंड वर करून सांगतो. मलाजखंडच्या खाणीतल्या माणसांनी मला शिव्या घातल्यात. लांजीकडच्या एका म्हातारीनं स्टेजवर चढून माझ्या टाळक्यात चप्पल घातली होती. ती चप्पल मी पाच वर्षं माळ्यावर ठेवली, बक्षीस म्हणून. नव्या पोरांना मी सांगायचो की राग खोटा आणला तर तो गळ्यात येतो आणि खरा असला तर डोळ्यांत, मागच्या ओळीलाही दिसतो. इतरांना राग आणायला वेळ लागतो, बिडी ओढतात, फेऱ्या मारतात. मला कधी लागला नाही. मला फक्त स्वयंपाकघर आठवायचं, की झालं. तुमचं तोंड डोळ्यांसमोर आणायचं आणि तुमच्यासारखं साध्या आवाजात बोलायला लागायचं. लोकांच्या अंगावर काटा यायचा. त्याला मी माझी कला म्हणत आलो. आणि घरात बायकोवर हात उचलला नाही, एकदाही नाही, याचा तर मला गर्व होता गर्व. बायको एकदा म्हणाली होती, "तुमी हात नाई उचलत, पन उचलाल असं वाटत राह्यते." मी म्हणालो, वेडी आहेस. आता सांगतो, मला त्या वाक्याचा इतका राग आला होता की मी दोन दिवस घरात जेवलो नाही. माझा सगळा मार मी स्टेजवर खर्चून येतो, घरी येईतो हात रिकामा असतो, असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं. दर प्रयोगाला हातभर आणि दोन बोटं. तुमच्यापेक्षा मी चांगला माणूस आहे, याचा माझ्याकडे एवढाच पुरावा होता, बाबा, ती दोन बोटं.

यंदाच्या नाटकात मी जंगलचा ठेकेदार. नायिकेचा नवरा पळालाय आणि ती त्याचा ठावठिकाणा सांगत नाही, म्हणून मी तिला गावासमोर मारतो. मी बसवलं होतं की ती मान खाली घालते, मी विचारतो, ती गप्प, मी मारतो, ती पडते आणि पडता पडता तिचं एक वाक्य. तालमीत पोरीनं विचारलं, "गुरुजी, हे मान काहून खाली घालते? हिचं तं काई चुकलं नाई ना." मी म्हणालो, घालायची म्हणजे घालायची. ती हौ म्हणाली. त्या दिवशी मंडईत, खचाखच गर्दी, मी प्रश्न विचारला आणि तिनं मान खाली घातली नाही. वर केली. सरळ माझ्या डोळ्यांत बघत उभी राहिली, शांत, काही न बोलता. मग बायकांच्या बाजूनं कोणीतरी टाळी वाजवली, मग दुसरी. मला तेव्हाच कळलं होतं की पोरगी बरोबर आहे. असा प्रसंग हाताशी आला की नटानं तो दोन्ही हातांनी घ्यावा, हे मीच तिला शिकवलेलं. आणि तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती नजर मला खाली घालायची होती. हात उठला तेव्हा अंतर बरोबर होतं, मी डोळ्यांनी मापलं होतं, चाळीस वर्षांची सवय. मग माझा डावा पाय पुढं सरकला. तिचा नाही, माझा. वीतभर. तिनं तिच्या वेळेला मांडीवर हात मारला, अगदी नेमका, आणि त्याच्यामागून माझा तळवा तिच्या कानावर बसला. भरला तळवा, हाडाला हाड लागल्यासारखा. ती पडली ते नाटकातलं पडणं नव्हतं, आणि पडता पडताही तिनं वाक्य सोडलं नाही. तळव्याला झिणझिण्या आल्या होत्या. कसं वाटलं ते लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. चांगलं वाटलं. दोन श्वास तरी चांगलं वाटलं.

नाटक संपलं. मी रीतीप्रमाणे लोटा भरून तिच्याकडे नेला. ती कनातीआड लाकडी पेटीवर बसली होती, कानावर हात, तोंडावरचा रंग घामानं ओघळलेला. तिनं लोट्याकडे पाहिलं नाही. मी धरून उभा राहिलो. मंडळी आजूबाजूला रंग लावलेल्या तोंडांनी उभी, दुपारचं ऊन कनातीतून आत आलेलं, गोंद सुटत चाललेला, कोणी खाजवतंय, कोणी घाम गाळतंय, आणि रंग पुसता येत नाही. अर्धा तास गेला असेल. ती घोट घेईना. शेवटी मॅनेजर, आपल्याकडे हिशोबापासून गाडीपर्यंत सगळं बघणारा माणूस, म्हणाला, "अरे छोडो ना यार, पोट्टी एक पाऊल पुढं आली, लागून गेला हात, होते असं," आणि त्यानं स्वतःच्या तोंडाला फडकं लावलं. मग सगळ्यांनी लावलं. तुम्ही घातलेली रीत तिथं मोडली. मी लोटा खाली ठेवला आणि मिशी ओढून काढली. ती उठली, रंगलेल्या तोंडानंच बसमध्ये बसली आणि गेली.

चार दिवसांनी ढोलकीवाला घरी आला. तुमच्या वेळचाच, आता सत्तरीचा. चहा प्यायला, वाऱ्यापावसाचं बोलला आणि उठताना म्हणाला, "दोन आवाज आले." मी म्हणालो, काय. तो म्हणाला, "पोट्टीची मांडी आंधी वाजली, मांगून तुह्या हात वाजला. ते पुढं येती तं तुह्या हात आंधी लागता. तुह्या पाय सरकला, म्हून हाताले उशीर झाला. मले कोन शिकवाचं? मी जनमभर त्याच आवाजावर थाप देल्ली." आणि चप्पल घालून निघून गेला. म्हणजे ज्यांना कान होते त्या सगळ्यांना ते कळलं होतं. मंडळीत तिच्या जागी नवी पोरगी बघायचं चाललं होतं, हेही त्याच्याकडूनच कळलं.

गेल्या रविवारी तालीम होती, त्याच आंगणात. मिलचा मालक बदलला, आंगण तेच आहे. ती आपलं सामान न्यायला आली होती. मी लोटा भरून घेतला आणि सगळ्यांच्या मध्ये उभा राहिलो. म्हणालो, "पोट्टी जाग्यावरच होती. पाय माह्या पुढं गेलता." मॅनेजर म्हणाला, "गुरुजी, बात खतम झाली ना आता. काहून उकरून राह्यले? चुकून झालं म्हना आन सोडा." मी म्हणालो, "चुकून नाही झालं." तिनं उजवा कान माझ्याकडे करून विचारलं, "मंग कायले मारलं?" मी म्हणालो, "तू मान वर केली म्हून." ती म्हणाली, "बस, तेवढ्यासाठी?" हौ, म्हणालो मी. आणि तिथं थांबलो असतो तर बरं होतं, पण माझी जीभ. म्हणालो, "माह्या बाबानं हेच शिकवलं मले." तिनं विचारलं, "तुमच्या बाबाचा हात स्टेजवर कधी लागला कोनाले?" ढोलकीवाल्यानंच कोपऱ्यातून सांगितलं, "कधीच नाही. शप्पत घेतो." ती माझ्याकडे बघतच होती, त्याच नजरेनं. "खरं हाय का गुरुजी?" मी म्हणालो, "हौ. नखसुद्धा नाही." ती म्हणाली, "मंग मेलेल्या मानसाचं नाव कायले घेता? हात तुमचा होता."

पाणी तिनं घेतलं नाही. मॅनेजरला सांगितलं की काम ती करेल, कान भरून यायची वाट न बघता करेल, मान वर ठेवूनच करेल, पण माझ्यासमोर उभी राहणार नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. म्हणून आज ठेकेदाराचं काम मंडळीतला दुसरा एकजण करतोय. जरा कच्चा आहे, आवाज गळ्यातून काढतो, पण अंतर पाळतो. लोटा मी भरलेला तसाच घरी आणला आणि तुळशीत ओतला. तुमच्यासारखा पिऊन टाकला नाही. त्यात मोठेपणा नाही, तहान नव्हती इतकंच.

तिचं म्हणणं तीन-चार दिवस डोक्यात फिरतंय. मी चाळीस वर्षं तुम्हाला शिव्या घालत जगलो आणि माझ्या हाताचा जाब द्यायची वेळ आली तेव्हा तुमच्यामागे लपायला गेलो. आईचा डावा कान तुमचा. या पोरीचा डावा कान माझा. तो तुमच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि आईचाही सगळा तुमच्यावर टाकता येतो का, ते आज लिहायचं म्हणून बसलो होतो. एवढी पानं त्याच्याभोवती फिरलो. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तुम्ही दिलेल्या रंगाच्या पेटीत तळाशी घालून ठेवणार, तिथं कोणी हात घालत नाही. तेव्हा आता लाजायचं कोणाला.

त्या सकाळी उंबऱ्यावर, तुमचा हात उठला आणि माझ्या मांडीवरचं सूप मी बाजूला केलं. मुद्दाम केलं का, माहीत नाही, महिनाभराची सवय होती. तुमचा तळवा आईच्या कानावर पडला आणि त्याच क्षणी माझा हात माझ्या मांडीवर पडला. आवाज एकच आला, इतका नेमका. आईला तो ऐकू गेला की नाही, मी तिला मरेपर्यंत विचारलं नाही. तुम्ही मात्र वळून पाहिलंत. मी तिथं हात मांडीवर ठेवून बसलेला, आणि तुम्ही, लाथ घालायच्या आधी, मान एकदा खाली हलवलीत. बाबा, मला आनंद झाला होता.